करवंदी फाट्यावरची मोजणी

मित्रांनो, मूठ मिटलीत की मी दिसेनासा होतो, एवढासाच आहे मी. पोलादाची गोल डबी, वर दाबायला एक खटका, समोर काचेआड चार आकडे आणि बाजूला शून्यावर आणण्याची छोटी किल्ली. खटका एकदा दाबला की टिच् असा आवाज होतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. मला काउंटर म्हणतात. माझं आता वय झालंय, पॉलिश उडालंय, काचेला चरा गेलाय. पण आजवर मी एकाचे दोन केलेले नाहीत की दोनाचा एक केलेला नाही. मी फुशारकी मारतोय असं वाटलं तर वाटू द्या. माझ्याकडे मिरवायला दुसरं आहे तरी काय?

वसईच्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. दातेरी चाकं बसवायला तिथे हेतल नावाची मुलगी होती. प्रत्येक काउंटर ती शंभरदा दाबून बघायची आणि शंभर आले तरच खोक्यात टाकायची. पहिल्या खेपेला माझे नव्याण्णव आले. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, मला उघडलं, एका चाकाचा दात कानशीनं घासला आणि पुन्हा पहिल्यापासून शंभरदा दाबलं. तिचा अंगठा नक्की दुखला असणार. पण मी जो काही नेमका आहे, तो तिच्यामुळे.

पहिली दोन वर्षं मी एका जेट्टीवर फेरीबोटीत चढणारी माणसं मोजली. मग ती बोट बंद झाली आणि माझ्यासारख्या चाळीसजणांची एक पेटी एका कंपनीनं विकत घेतली. ही कंपनी सरकारसाठी रस्त्यावरची रहदारी मोजून द्यायची. मला वाटलं, सरकारी काम म्हणजे थाट असेल. प्रत्यक्षात डोक्यावर ऊन आणि तोंडावर ट्रकचा धूर. त्या धुरातच माझी दहा वर्षं गेली.

आता रस्त्याचं प्रकरण मुळापासून सांगतो, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. मुंबई फुगत फुगत वसई-विरारच्याही पुढे आली. पालघर जिल्ह्याचं गाव झालं, बोईसरला शेतांच्या जागी सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. तारापूरचे कारखाने होतेच. या सगळ्यांचा माल घेऊन ट्रक आणि ट्रेलर निघतात ते चिल्हार फाट्याला, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागायला. महामार्ग आधीच तुंबलेला, त्यामुळे मागची रांग कधी कधी थेट कारखान्यांच्या दारापर्यंत यायची. बोईसरहून निघालेल्या ड्रायव्हरचा महामार्ग लागेपर्यंत दोनदा चहा व्हायचा.

म्हणून सरकारनं कोंडी फोडण्याचा आराखडा करायला घेतला. रस्ता रुंद करायचा, मध्ये उंच डिव्हायडर घालायचा आणि डिव्हायडरमधले कट शक्य तेवढे बंद करायचे. कारण प्रत्येक कटापाशी गाडीला ब्रेक लागतो आणि एका ब्रेकमागे पन्नास गाड्या थांबतात. हे गणित काही चुकीचं नव्हतं. पण कट बंद केला तर पायी जाणाऱ्यांनी रस्ता ओलांडायचा कुठे? त्यासाठी आराखड्यात नियम होता. दिवसाला हजार माणसं ओलांडत असतील तिथे रस्त्याखालून भुयारी वाट. पाचशेच्या वर असतील तर कट उघडा ठेवून सिग्नल. त्याहून कमी असतील तर कट बंद, पुढच्या चौकातून वळसा घालून या. आणि किती माणसं ओलांडतात हे सांगणार कोण? मी.

मी म्हणजे मी आणि झुंबर. झुंबर मूळचा बीडकडचा, आष्टी तालुक्यातला. वीस वर्षांपूर्वी तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला आला. कारखाना बंद पडला तेव्हा गावी न परतता तो इथेच राहिला आणि मोजणीच्या कामाला लागला. बोईसरच्या एका चाळीत तो आणि त्याची बायको गोजराबाई राहतात. हा माणूस बोलायला कमी आणि कामाला पक्का. मोजणीवर बसला की तंबाखूसुद्धा मळायचा नाही, कारण त्याला दोन हात लागतात. आमचा सुपरवायझर ज्ञानेश पेटीतले काउंटर वाटताना म्हणायचा, "हा चरा पडलेला झुंबरभाऊला द्या. हे दोघं चुकत नाहीत." हे ऐकलं की माझी छाती फुगायची. आतली स्प्रिंगसुद्धा जरा ताठ व्हायची.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात आमची नेमणूक करवंदी फाट्यावर झाली. बोईसरहून महामार्गाकडे जाताना हा फाटा लागतो. चिंचणीहून मासे घेऊन येणारा टेम्पो रस्त्याच्या एका अंगाला थांबतो आणि मासळीबाजाराची पत्र्याची शेड आहे दुसऱ्या अंगाला. मधून ट्रेलर धावतात. बाकीची माणसं गाड्या मोजायला बसली आणि पायी ओलांडणारे आमच्या वाट्याला आले. सलग सात दिवस, सकाळी सहा ते रात्री आठ.

बसायला सावली नव्हती. शेड मोकळीच होती, म्हणून झुंबरनं खुर्ची शेडमध्येच टाकली. ओट्यावर फक्त दोन म्हाताऱ्या सुकट घेऊन बसलेल्या असायच्या. वास मात्र जुन्या मासळीचा, अगदी भिंतीत मुरलेला. झुंबर एकदा स्वतःशीच म्हणाला, "बाजार मोडलेला दिसतोय हितला." मला तेव्हा काही वाटलं नाही. मला वाटायचं कारणही नाही. खटका दाबला तर मी सरकतो, नाही दाबला तर बसून राहतो. सात दिवसांत मी बराच बसून राहिलो. दिवसाची सरासरी निघाली एकशे सत्त्याऐंशी. झुंबरनं सुबक अक्षरात तक्ता भरला, 'शेरा' लिहिलेला रकाना नेहमीसारखा कोरा ठेवला आणि सही केली. एकही माणूस सुटला नव्हता, मी साक्षीला होतो.

महिनाभरानंतरची गोष्ट. संध्याकाळची वेळ होती, झुंबर जेवायला बसला होता आणि मी त्याच्या खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात होतो. दाराशी नलू आली. नलू चिंचणीची. तिचा नवरा दामू होडी घेऊन समुद्रावर जातो आणि नलू मासे विकते. फाट्यावरचा बाजार आटोपला की उरलेली टोपली घेऊन ती आमच्या चाळीत फिरते. बीडच्या गोजराबाईला बोंबील तळायला तिनंच शिकवलं. पण ती कुठल्या फाट्यावर बसते, हे झुंबरनं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी टोपली डोक्यावरून खाली न घेताच ती बोलायला लागली.

"गोजराबाय, आमचा करवंदी फाटा बंद करतात," ती म्हणाली. "पंचायतीत कागद लावलाय. मदी भित घालनार. टेम्पो इकडं थांबनार आन् बाजार तिकडं. आमी पाट्या डोक्यावर घेऊन पुडच्या चौकापत्तर जायचं आन् परत यायचं. साडेतीन किलोमीटर होतंय. मासा तवर राहील काय?"

"पर कामून बंद करायलेत?" गोजराबाईनं विचारलं.

"कोनी मुडदा मोजून गेलाय म्हनं. मान्संच नाय येत तिकडं, आसं लिवलंय."

झुंबरचा घास हातातच राहिला. गोजराबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग चुलीकडे तोंड फिरवलं. 

"नलूताई, त्यो मुडदा म्या हाय," झुंबर म्हणाला. "पर म्या खोटं न्हाई लिवलं. सात दिस बसलो हुतो. एक बाई न्हाई फिरकली तुमची."

नलूनं टोपली उतरवली आणि ती दारातच बसली. "कवाचे सात दिवस?"

झुंबरनं तारखा सांगितल्या. नलूनं बोटांवर पेरं मोजली आणि कपाळावर हात मारला. "अरे दादा, पंचमी ते एकादशी. भांग होता रे तवा. भांगात कोन येतंय बाजारात?"

झुंबरला काही कळलं नाही, आणि मलाही. मग तिनं समजावून सांगितलं. अमावास्या-पुनवेला उधाण येतं, पाणी जोरानं आत-बाहेर करतं. दामूसारख्यांची डोलीची, म्हणजे पाण्यात बांधून ठेवलेली जाळी त्या ओढीवरच चालतात. पाणी ओढतं म्हणून मासा जाळ्यात शिरतो. अष्टमीच्या पुढेमागे पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात. त्या दिवसांत होड्या किनाऱ्याला असतात, गडी जाळी शिवतात आणि बाया घरी सुकट वाळवतात. मासा नाही, म्हणून बाजार नाही. बाजार नाही, म्हणून पाड्यांवरून आणि कारखान्यांतून येणारं गिऱ्हाईकही नाही. चिंचणीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण आष्टीत समुद्र कुठला? झुंबरनं कॅलेंडरवरची तारीख बघितली होती, तिच्याखालची तिथी नव्हती बघितली.

मित्रांनो, त्या दिवशी मला लाज वाटली. माझा आकडा तंतोतंत होता आणि तरीही तो खोटं बोलत होता. असं होऊ शकतं हे मला दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

झुंबरनं ज्ञानेशला फोन लावला. ज्ञानेश मनानं वाईट नाही, पण कामं उरकायची म्हणजे त्याची तारांबळ असते. तो म्हणाला, "झुंबरभाऊ, अहवाल गेला. आता मोजणी चुकली म्हणालात तर कंपनीचं नाव जाईल. परत कामाला बोलावतील का तुम्हाला? गप्प बसा ना जरा."

"मोजनी न्हाई चुकली," झुंबर म्हणाला. "दिस चुकले."

"तेच ते," म्हणून ज्ञानेशनं फोन ठेवला.

झुंबर बराच वेळ बसून राहिला. हे काम गेलं तर पन्नाशीच्या माणसाला दुसरं कोण देणार, हा प्रश्न त्याच्या डोक्यात होता. मी त्याच्या तळहातात होतो आणि त्याचा अंगठा माझ्या खटक्यावर नुसता फिरत होता. गोजराबाई भांडी घासता घासता म्हणाली, "अवं, काम दुसरंबी घावंल. त्या बाईला दारात तोंड कसं दावायचं, त्ये सांगा." झालं, विषय तिथेच संपला.

आराखड्यावर हरकती ऐकायला पालघरला एका सरकारी सभागृहात बैठक होती. नलू आणि तिच्यासोबतच्या पंधराएक बाया टेम्पोतून गेल्या, त्यांच्यात झुंबर. समोर रस्ते खात्याच्या इंजिनिअर बसल्या होत्या, उन्नती मॅडम. वयानं तरुण, पण ऐकून घेणाऱ्या. बायांनी एकदम बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हातातला तक्ता वर धरला. "तुम्ही म्हणता शेकडो माणसं येतात. पण आमच्याकडे सात दिवसांची नोंद आहे. एकशे सत्त्याऐंशी. मी कागदाबाहेर कशी जाऊ?"

झुंबर मागच्या रांगेतून उठला. कोपऱ्यात ज्ञानेश बसला होता. त्यानं मान खाली घातली.

"म्याडम, त्या कागदावर सही माझी हाय," झुंबर म्हणाला. "आकडा खरा हाय. पर त्यो भांगातला हाय. म्या घाटावरचा मानूस, मला भांग-उधान ठावं नव्हतं. बंद दुकानाम्होरं बसून म्या गिऱ्हाइकं मोजली." एवढं बोलून तो खाली बसला. आयुष्यात तो एका दमात इतकं बोललेला मी पाहिला नव्हता.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. हरकतींची मुदत संपायला बारा दिवस उरले होते. पुन्हा सात दिवस मोजायला त्यांच्याकडे ना माणसं होती ना मंजुरी. शेवटी त्या म्हणाल्या, "एक दिवस देते. मोजणी माझ्यासमोर व्हायची. दिवस तुम्ही सांगा."

दिवस दामूनं सांगितला. अमावास्येनंतरची बीज, त्या दिवशी पाण्याला भरपूर ओढ असते. खरं सांगायचं तर मला हेही थोडं खटकलं. पहिल्या वेळी सगळ्यांत रिकामे दिवस धरले होते आणि आता सगळ्यांत भरलेला धरत होतो. पण माझं मत कोण विचारतो?

त्या दिवशी सकाळी सहाला झुंबरनं खुर्ची टाकली, ती रस्त्याच्या कडेला, शेडमध्ये नाही. शेडमध्ये जागाच नव्हती. सात वाजता पहिला टेम्पो आला आणि जे टिच्-टिच् सुरू झालं ते थांबेना. पाट्या घेतलेल्या बाया, त्यांच्यामागे बर्फाचे खोके घेतलेले गडी, पाड्यांवरच्या बायका, रात्रपाळीतून सुटलेले बिहारी कामगार. हात वर करून ट्रेलर थांबवत, साडी सावरत, एकमेकींना हाका मारत सगळे ओलांडत होते. पलीकडे गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून उन्नती मॅडम स्वतः रेघा मारत होत्या. दर तासाला त्या माझ्या काचेत डोकावायच्या, त्यांचा आणि माझा आकडा जुळायचा. एकदा त्यांचा एक कमी पडला, तर त्यांनी मुकाट्यानं माझा धरला. दुपारी दोनला मी सहाशे ओलांडले. कट बंद होणार नाही हे तेव्हाच नक्की झालं. पण नलूला कळलं होतं की हजार झाले तर भुयारी वाट मिळते. मग ना ट्रेलर, ना ऊन, ना हात वर करणं.

संध्याकाळी बाजार विरळ झाला. साडेसातला माझ्यावर नऊशे चौतीस होते. पुढची पाच मिनिटं एकही माणूस आला नाही. मॅडम गाडीत पाणी पीत होत्या.

नलू झुंबरजवळ आली. "किती कमी हाय?"

"सासष्ट."

तिनं मागे वळून बायांकडे पाहिलं. त्या तेहतीसजणी तरी असतील, बाजार आटोपून, रस्ता ओलांडून टेम्पोची वाट बघत उभ्या. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि रस्त्यात उतरली. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. पलीकडे जायचं आणि परत यायचं, एवढाच विचार. हिशोब बरोबर होता. तेहतीस दुणे सासष्ट.

झुंबरचा अंगठा माझ्यावर होता. तो दाबला असता तर मी सरकलोच असतो, मला त्यात निवड नाही. आणि कायद्यानं बघाल तर त्या खऱ्याच बाया होत्या, खऱ्याच रस्ता ओलांडत होत्या. कुठेही खोटं नव्हतं. अंधार पडायला लागला होता. तेवढ्यात एका ट्रेलरनं करकचून ब्रेक मारला आणि तिसऱ्या बाईची पाटी पुढच्या चाकापाशी जाऊन पडली. बाई वाचली. पाटी चपटी झाली.

झुंबरनं मला खिशात टाकलं आणि तो रस्त्यात धावला. दोन्ही हात पसरून त्यानं बाकीच्या बायांना मागे सारलं. "बास, मोजनी बंद," तो म्हणाला. "तुमच्या पाट्या रिकाम्या हायेत, नलूताई. म्या बाजाराला येनारी मानसं मोजतो, माझ्यासाठी पळनारी न्हाई."

"तुला काय जातंय रे दाबायला?" नलू संतापली. "दोनदा तू आमाला बुडिवलंस. येक डाव भांगात, येक डाव उदानात."

मॅडम गाडीतून उतरून आल्या. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, बहुतेक काचेतून दिसलंच असावं. आठपर्यंत आणखी कुणी ओलांडलं नाही. झुंबरनं तक्ता भरला, नऊशे चौतीस. मग तो 'शेरा' लिहिलेल्या रकान्यापाशी थांबला. दहा वर्षांत त्यानं तिथे कधी काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं लिहिलं, 'भांगात १८७, उधाणात ९३४. एकावरून ठरवू नये.' आणि खाली सही केली. मॅडमनी तो शेरा दोनदा वाचला आणि त्याखाली आपलीही सही केली.

फाट्यावरचा कट उघडा राहिला आणि तिथे सिग्नल आला. भुयारी वाट नाही आली. नलू चार महिने आमच्या दाराशी फिरकली नाही. गोजराबाई बाजारात जाऊन मासे आणायची आणि तिथे दोघी बोलायच्या, पण झुंबरचं नाव निघालं की नलू बर्फ फोडायला लागायची. झुंबरला ते लागायचं. मलाही त्या सासष्ट आकड्यांचं वाईट वाटतं, आजही वाटतं. खरं बोलून आपलं माणूस दुखावतं तेव्हा खरं बोलल्याचा आनंद होत नाही. तो होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता माझी कामं कमी झाली आहेत. खांबावर कॅमेरे आले, ते रात्रंदिवस मोजतात आणि त्यांचा अंगठा दुखत नाही. पेटीतले माझे बरेच भाऊबंद भंगारात गेले. मला झुंबरनं कंपनीकडून मागून घेतलं, आणि कंपनीला तरी माझं काय करायचं होतं? बहुतेक दिवस मी फळीवर गोजराबाईच्या सुयांच्या डबीशेजारी पडून असतो. दमट हवेनं आत थोडा गंज धरलाय. महिन्यातून एकदा झुंबर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडतो, तेवढ्यावर माझं चालतं.

झुंबरला पुन्हा काम मिळणार नाही असं ज्ञानेशनं फोनवर सुचवलं होतं, आणि सहा महिने त्यानं खरोखरच दिलं नाही. त्या काळात झुंबरनं एका सोसायटीत वॉचमनकी केली. मग एका दुपारी ज्ञानेशचा फोन आला. आवाज जरा नरम होता.

"झुंबरभाऊ, केळव्याच्या रस्त्याची मोजणी आहे. कॅमेरे बसवायचेत. मॅडमनी सांगितलंय, तारखा आधी तुम्हाला विचारायच्या. कधी बसवू?"

झुंबर हसला. "केळव्याला मुंबईची मानसं येत्यात फिरायला. शनिवार-रविवार धर आन् मधला आठवडाबी धर. मासळीचं म्या दामूला इचारून सांगतो."

गेल्या पावसाळ्याच्या आधी झुंबर मला खिशात घालून करवंदी फाट्यावर गेला होता. मोजायला नाही, नुसताच. दुपारचं ऊन रणरणत होतं. सिग्नल लाल होता आणि नलू पाटी डोक्यावर घेऊन हिरव्याची वाट बघत उभी होती. झुंबर तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिनं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"तुज्या सासष्ट मान्सांपायी मी उन्हात उबी हाय," ती म्हणाली.

"उभी हायेस ना?" झुंबर म्हणाला.

हिरवा लागला. ट्रेलर थांबले, चांगले दहा-बारा, एकामागे एक. ती सावकाश, अजिबात घाई न करता रस्ता ओलांडून गेली. पलीकडे पोहोचल्यावर मात्र तिनं मागे बघितलं आणि हातानं 'ये' अशी खूण केली. परत आलो तेव्हा झुंबरच्या पिशवीत सहा बोंबील होते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी रस्ते आखेल, कुणी धरणं बांधेल, कुणी शहरं वसवेल. तुमच्या हातात माझ्यापेक्षा हुशार यंत्रं असतील आणि ती चुकणारही नाहीत. माझ्यासारखी जुनी वस्तू दिसली तर तिला तेलाचा एक थेंब द्या, एवढं स्वतःसाठी मागतो. दुसरी विनंती नलूसाठी आहे. मोजायला बसाल तेव्हा आज इथे कोण आलेलं नाही आणि का आलेलं नाही, हे तिथल्या माणसाला आधी विचारा. मगच अंगठा दाबा.